ऋतुचक्र आणि स्त्रीची जननक्षमता

ऋतुचक्र म्हणजे वयात आल्यापासून रजोनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या अंडाशयांत व गर्भाशयात ठरावीक अंतराने पुनःपुन्हा घडणाऱ्या बदलांची मालिका होय. व्यवहारात यालाच मासिक पाळीचे चक्र म्हणतात. प्रत्येक चक्रात सामान्यतः एक अंडपेशी परिपक्व होऊन अंडाशयाबाहेर पडते. त्याच सुमारास गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या रुजवणीसाठी तयार होते आणि गर्भधारणा न झाल्यास ते रक्तासह बाहेर टाकले जाते. या स्रावास मासिक पाळी, रजःस्राव किंवा आर्तव अशी नावे आहेत.

पाळी हा या चक्राचा दिसणारा भाग आहे. जननक्षमतेच्या दृष्टीने निर्णायक असलेली घटना, म्हणजे अंडमोचन, मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजण्यापेक्षा पुढच्या पाळीपासून मागे मोजला असता अधिक अचूक येतो. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हती. तिच्याविषयीचे अनेक गैरसमज आजही टिकून आहेत.

शब्द आणि संकल्पना

संस्कृतमध्ये ‘ऋतु’ या शब्दाचा मूळ अर्थ योग्य वा नियत काळ असा आहे. आयुर्वेदात व धर्मशास्त्रात ‘ऋतुकाल’ हा शब्द गर्भधारणेस अनुकूल दिवसांसाठी वापरला आहे. सुश्रुतसंहितेत हा काळ १२ रात्रींचा, तर मनुस्मृतीत रजोदर्शनापासून १६ रात्रींचा सांगितला असून त्यांतील पहिल्या चार रात्री वर्ज्य मानल्या आहेत.

मराठीत या विषयाचा उल्लेख बहुधा आडून केला जातो. मुलीला पहिली पाळी येणे म्हणजे ‘न्हाण येणे’ किंवा ‘शहाणी होणे’, पाळीत वेगळे राहणे म्हणजे ‘बाहेर बसणे’ किंवा ‘कावळा शिवणे’ आणि गर्भ राहणे म्हणजे ‘दिवस जाणे’. यांतील शेवटचा वाक्प्रचार पाळीचे दिवस मोजण्याच्या जुन्या सवयीची साक्ष देतो.

कालावधी व गणना

रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरतात आणि पुढील स्राव सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ते चक्र संपते. उदाहरणार्थ, पाळी १ जूनला आली आणि त्यानंतरची २९ जूनला आली, तर ते चक्र २८ दिवसांचे होय. पाळी थांबल्यापासून दिवस मोजण्याची चूक अनेकदा होते व त्यामुळे पुढील सर्व हिशोब चुकतो.

२८ दिवस हा आकडा सर्वपरिचित असला, तरी तो केवळ सरासरीच्या जवळचा आहे. प्रौढ स्त्रियांमध्ये साधारण २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक मानतात. पहिली पाळी आल्यानंतरच्या काही वर्षांत ते ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकते. एकाच स्त्रीच्या चक्रांतही काही दिवसांचा फरक पडतो. स्राव सामान्यतः २ ते ७ दिवस टिकतो. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जात असल्यास तो अतिस्राव समजला जातो आणि तो वारंवार होत राहिल्यास रक्तक्षय होऊ शकतो.

नियंत्रण करणारी संप्रेरके

ऋतुचक्राचे नियंत्रण मेंदू, अंडाशय व गर्भाशय यांच्या परस्परसंबंधातून होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून एक संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने ठोक्यांप्रमाणे स्रवते. त्याच्या प्रभावाने पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. पुटिका संप्रेरक अंडाशयातील पुटिकांची वाढ घडविते, तर पीतपिंडकारी संप्रेरक पक्व पुटिका फुटण्यास व तिचे पीतपिंडात रूपांतर होण्यास कारण होते. अंडाशयातून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके स्रवतात. ती गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम करतात आणि उलट मेंदूलाही संदेश पोहोचवितात.

मेंदूचा यात वाटा असल्यामुळेच मानसिक ताण, मोठे आजारपण, उपासमार, वजनातील मोठी घट किंवा अतिव्यायाम यांचा पाळीवर परिणाम होतो.

चक्राचे टप्पे

पुटिकावस्था: चक्राच्या पहिल्या दिवसापासून अंडमोचनापर्यंतचा हा काळ असतो. आरंभीच्या दिवसांत जुने अस्तर गळून पडत असतानाच अंडाशयात काही पुटिका वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाते व बाकीच्या मागे पडून नष्ट होतात. वाढत्या पुटिकेतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर पुन्हा जाड होऊ लागते.

अंडमोचन: इस्ट्रोजेनचे प्रमाण काही काळ उच्च राहिले की पीयूषिका ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरक एकाएकी मोठ्या प्रमाणात स्रवते. ही लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी पुटिका फुटते आणि अंडपेशी अंडनलिकेच्या झालरीसारख्या मुखाकडे ओढली जाते.

पीतपिंडावस्था: फुटलेल्या पुटिकेपासून पीतपिंड तयार होते व त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते व गर्भाच्या पोषणास योग्य बनते. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंडाचे आयुष्य सुमारे १४ दिवसांचे असते. स्त्रीपरत्वे ते काही दिवसांनी कमी-अधिक होऊ शकते. पीतपिंड सुकले की प्रोजेस्टेरॉन घटते, अस्तराचा आधार सुटतो व पाळी सुरू होते.

सणासुदीत किंवा घरच्या धार्मिक कार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचे कार्य यावरून समजते. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध असते. पीतपिंड सुकल्यावरही ते अस्तराला आधार देत राहते आणि गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांसाठी त्या हानिकारक ठरू शकतात, म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत.

अंडमोचनाचा दिवस

चक्राची लांबी मुख्यतः पूर्वार्धावर अवलंबून असते. उत्तरार्ध तुलनेने स्थिर असतो. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात अंडमोचन साधारण १४व्या दिवशी होत असले, तरी २४ दिवसांच्या चक्रात ते १०व्या दिवसाच्या आणि ३५ दिवसांच्या चक्रात २१व्या दिवसाच्या आसपास होते. ‘पाळी लांबली’ असे जेव्हा म्हटले जाते आणि गर्भ राहिलेला नसतो, तेव्हा बहुधा अंडमोचनच लांबलेले असते.

ऋतुकालाच्या पारंपरिक गणनेची मर्यादाही येथे लक्षात येते. १६ रात्रींचा काळ २८ दिवसांच्या चक्रातील जननक्षम दिवसांना सामावून घेतो. ३५ दिवसांच्या चक्रात मात्र तो संपतो तेव्हा ते दिवस नुकतेच सुरू होत असतात.

जननक्षम काळ

अंडाशयाबाहेर पडलेली अंडपेशी १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. शुक्रपेशी मात्र अनुकूल स्थितीत स्त्रीच्या जननमार्गात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भधारणेस अनुकूल काळ हा अंडमोचनाचा दिवस व त्यापूर्वीचे पाच दिवस असा एकूण सहा दिवसांचा असतो. ॲलन विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा सहा दिवसांचा काळ दाखवून दिला. अंडमोचनानंतरच्या दिवसांतील संबंधांतून गर्भधारणा झाल्याचे त्यात आढळले नाही. याच संशोधकांनी २००० मध्ये असे दाखविले की, ज्यांचे सर्व जननक्षम दिवस १०व्या ते १७व्या दिवसांच्या दरम्यान येतात अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच असतात.

याचा व्यावहारिक अर्थ दुहेरी आहे. अपत्याची इच्छा असलेल्या जोडप्याने १४व्या दिवसाची वाट पाहत राहिल्यास अनुकूल दिवस निघून गेलेले किंवा अद्याप यायचे असू शकतात. चक्राचा मध्य तेवढा टाळणाऱ्या जोडप्याला नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. ज्यांना दिवस मोजण्याचे दडपण नको असते अशा, अपत्य हवे असलेल्या जोडप्यांना दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे अंडमोचन कोणत्याही दिवशी झाले, तरी जननक्षम काळ सहसा हुकत नाही.

फलन बहुधा अंडनलिकेत होते. फलित अंड गर्भाशयात येऊन अंडमोचनानंतर साधारण ६ ते १० दिवसांनी अस्तरात रुजते. त्यातून निर्माण होणारे संप्रेरक पीतपिंडाला जिवंत ठेवते, म्हणून पाळी चुकते. गर्भारपणाच्या मूत्रचाचणीत याच संप्रेरकाचा शोध घेतला जातो. प्रसूतीची अपेक्षित तारीख मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात गर्भ राहतो, त्या दिवशीच वैद्यकीय गणनेनुसार गर्भारपणाचे दोन आठवडे झालेले असतात. गर्भ केव्हा राहिला यावरून घरात घेतल्या जाणाऱ्या शंका काही वेळा या दोन आठवड्यांच्या फरकामुळेच निर्माण होतात.

अंडमोचन ओळखण्याच्या पद्धती

दिनदर्शिका: मागील किमान सहा चक्रांची नोंद ठेवून सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून १८ व सर्वांत मोठ्या चक्राच्या दिवसांतून ११ वजा करतात. चक्रे २६ ते ३१ दिवसांची असल्यास ८व्या ते २०व्या दिवसापर्यंतचा काळ जननक्षम धरला जातो. मागील चक्रांवरून पुढच्याचा अंदाज बांधला जात असल्याने अनियमित पाळी असणाऱ्यांना ही पद्धत उपयोगी पडत नाही. मोबाइलमधील पाळीची नोंद ठेवणारी अनेक ॲप मूलतः असाच अंदाज देतात.

ग्रीवास्राव: अंडमोचन जवळ येते तसा गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, पारदर्शक व कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. शुक्रपेशींना पुढे जाण्यास तो साहाय्यक असतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून अनेक स्त्रिया या स्वाभाविक स्रावालाच आजार समजतात. दुर्गंधी, खाज, रंगात बदल किंवा ओटीपोटात दुखणे असल्यास मात्र तपासणी आवश्यक असते.

शरीराचे तापमान: प्रोजेस्टेरॉनमुळे अंडमोचनानंतर सकाळी उठण्यापूर्वीचे तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ अंडमोचन होऊन गेल्याचे सांगते. ते होणार असल्याची पूर्वसूचना देत नाही.

मूत्रचाचणी व सोनोग्राफी: पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट मूत्रचाचणीच्या पट्टीवर ओळखता येते. सोनोग्राफीत पुटिकेची वाढ दर एक-दोन दिवसांनी मोजली जाते. तिचा व्यास साधारण १८ ते २४ मिलिमीटर झाल्यावर अंडमोचन अपेक्षित असते.

केवळ दिवस व लक्षणे यांवर विसंबून संततिनियमन केल्यास, पद्धतीनुसार व ती पाळण्याच्या काटेकोरपणानुसार, वर्षभरात १०० पैकी २ ते २३ स्त्रियांना गर्भधारणा होऊ शकते. बाळंतपणानंतर पाळी परत येण्यापूर्वीच पहिले अंडमोचन होऊ शकते. त्यामुळे पाळी आलेली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत, असे समजणे चुकीचे ठरते. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असताना, ते केवळ अंगावरच्या दुधावर असताना आणि पाळी आलेली नसताना गर्भधारणेची शक्यता अत्यल्प असते. या तिन्ही अटींपैकी एक जरी सुटली, तरी दुसरे साधन वापरावे लागते.

संशोधनाचा इतिहास

१८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांतील अंडपेशीचा शोध लावला. त्यानंतरही एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय वैद्य पाळीचा स्राव व कुत्रीच्या माजातील स्राव एकच समजत. त्यामुळे पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेस सर्वांत अनुकूल व चक्राचा मध्य सुरक्षित, असा वस्तुस्थितीच्या नेमका उलट सल्ला दिला जात असे.

जपानमधील निइगाता येथील स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये व ऑस्ट्रियातील हेरमान क्नाउस यांनी त्यानंतर काही वर्षांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, अंडमोचनाचा संबंध पुढील पाळीशी आहे. ओगिनो यांच्या मते ते पुढील पाळीपूर्वी १२ ते १६ दिवस होते. ही पद्धत संततिनियमनासाठी प्रसिद्ध झाली, तरी ओगिनो यांचा हेतू अपत्य हव्या असलेल्या स्त्रियांना साहाय्य करण्याचा होता आणि गर्भनिरोधासाठी ती अपुरी आहे, असे त्यांचे मत होते.

अंडमोचनाची वेळ ओळखण्याचे महत्त्व २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये झालेल्या जगातील पहिल्या परीक्षानलिका बालकाच्या जन्मातही दिसते. पॅट्रिक स्टेप्टो व रॉबर्ट एडवर्ड्स यांनी त्या वेळी औषधांनी वाढविलेल्या नव्हे, तर नैसर्गिक चक्रात पक्व झालेल्या एकाच अंडपेशीचा उपयोग केला. त्यासाठी मूत्रातील पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट मोजून वेळ साधण्यात आली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून असे बालक जन्मले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून झालेला जन्म हा भारतातील शास्त्रीय नोंदींसह झालेला पहिला असा जन्म मानला जातो.

वय आणि जननक्षमता

स्त्रीच्या अंडपेशींचा साठा जन्मापूर्वीच ठरतो. गर्भावस्थेच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास तो ६० ते ७० लाख असतो. जन्माच्या वेळी तो १० ते २० लाखांवर येतो व वयात येताना ३ ते ४ लाख उरतात. यांतील साधारण ४०० ते ५०० अंडपेशींचेच आयुष्यभरात मोचन होते. गोळ्यांमुळे वा गर्भारपणामुळे अंडमोचन थांबले, तरी हा साठा घटतच राहतो.

तिशीच्या पूर्वार्धानंतर जननक्षमता कमी होऊ लागते आणि ३७व्या वर्षानंतर ती अधिक वेगाने घटते. अंडपेशींची संख्या व गुणवत्ता दोन्ही कमी होत असल्याने गर्भपाताचे व गर्भातील गुणसूत्रदोषांचे प्रमाण वाढते. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७व्या वर्षी येते. त्यापूर्वीच्या अनियमित पाळीच्या काळातही गर्भधारणा संभवते.

अनियमितता व वंध्यत्व

पाळी येते म्हणजे अंडमोचन होतेच, असे नाही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे व रजोनिवृत्तीपूर्वीचा काळ यांत अंडमोचनाविना स्राव होणे सामान्य आहे. इतर वयात त्याचे एक प्रमुख कारण पीसीओएस हे असते. थायरॉइड ग्रंथीचे विकार व प्रोलॅक्टिन संप्रेरकाची वाढ हीही कारणे असू शकतात. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीत तीव्र वेदना होतात. जननेंद्रियांचा क्षयरोग हे भारतातील अंडनलिका बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे. छातीच्या क्षयाची लक्षणे नसतानाही तो आढळू शकतो.

नियमित संबंध असूनही वर्षभरात गर्भधारणा न झाल्यास जोडप्याने तपासणी करून घ्यावी. स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच ती करावी. वंध्यत्वाची कारणे स्त्रीत, पुरुषात किंवा दोघांतही असू शकतात. पुरुषाशी संबंधित कारणे एकूण प्रकरणांपैकी मोठ्या भागात आढळतात आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोप्या चाचण्यांपैकी एक आहे. असे असूनही अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे केवळ सुनेचीच तपासणी होत राहते. उपचाराचा कालावधी हा स्त्रीच्या वयातून वजा होत असल्याने या विलंबाचे नुकसान भरून निघत नाही.

सामाजिक संदर्भ

मराठीत लैंगिक आरोग्याविषयी उघडपणे लिहिण्याचा पाया रघुनाथ धोंडो कर्वे यांनी घातला. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी एका खटल्यात १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांच्या बाजूने युक्तिवाद केला.

पाळीविषयीच्या अज्ञानाचे परिणाम आजही दिसतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघडकीस आल्यावर महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या व्यवसायात पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हंगामापूर्वी उचल घेतली जाते आणि कामावर खाडा झाल्यास पैसे कापले जातात. फडावर पाणी व शौचालय यांची सोय नसते. अशा स्थितीत अतिस्राव, पांढरे जाणे किंवा पोटदुखी यांसारख्या, अनेकदा औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर ‘पिशवी काढणे’ हाच उपाय अनेकींना सांगितला गेला. गर्भाशय काढल्यास पाळी व गर्भधारणा कायमची थांबते. अंडाशयेही काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटून तरुणपणीच रजोनिवृत्ती येते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

पाळीचे रक्त अशुद्ध असते, या समजुतीला शरीरशास्त्रात आधार नाही. त्या स्रावात रक्त, गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व ग्रीवास्राव असतो. तो गर्भाच्या पोषणासाठी तयार झालेल्या अस्तराचाच उरलेला भाग होय.